टाकी भरत नाही, मग जाते कुठे?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन. ज्या गावांना बैठकीला येता आले नाही त्यांनी ते चावडीवर किंवा पारावर वाचून दाखवावे.)



कापसाच्या भावावर आणि ज्वारीच्या खरेदीवर सकाळपासून पुष्कळ बोलणे झाले. त्यात मी भर घालत नाही. मी बोलणार आहे तुमच्या परसातल्या दोन खड्ड्यांवर. एका खड्ड्यातून आपण पाणी काढतो, त्याला विहीर म्हणतो. दुसऱ्या खड्ड्यात घाण सोडतो, त्याला संडासाची टाकी म्हणतो. पहिला खड्डा खणताना आपण नारळ फोडला. दुसऱ्यावर फरशी टाकली आणि त्याला विसरलो. जमिनीच्या वर हे दोन खड्डे वेगळे दिसतात. मधे अंगण असते, तुळस असते, गोठा असतो. जमिनीच्या खाली मधे काय असते, हा आजचा विषय आहे.

विषय घाणेरडा आहे म्हणून कुणी हसेल. हसा. पण हिशोब ऐका. उत्पादन खर्च काढताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, फवारणी धरतो, वेचणीची मजुरी धरतो. पोराला हगवण लागली, त्याला तालुक्याला नेले, दोन सलाईन लावले, ऐन वेचणीत घरची बाई आठ दिवस अंथरुणावर राहिली, हा खर्च कुठल्या वहीत लिहिता? कुठल्याच नाही. नशिबाच्या खात्यावर टाकतो. त्यातला बराचसा खर्च नशिबाचा नसून या दोन खड्ड्यांचा आहे, आणि तो थांबवणे आपल्या हातात आहे.

वीस वर्षांत न भरलेली टाकी

कुठल्याही गावात जा आणि विचारा, ‘टाकी कधी उपसली होती?’ घरधनी छाती पुढे काढून सांगतो, ‘आमची टाकी? वीस वर्षे झाली, अजून भरली नाही. अशी खोल खणली आहे!’ शेजारी मान डोलावतात. सोयरीक जमवताना सांगण्यासारखी गोष्ट झाली ही.

आता साधे गणित करू. घरात पाच माणसे. संडासात पडणारे, त्यावर ओतलेले, असे सगळे मिळून माणशी रोज फक्त १० लिटर धरा. पाच माणसांचे ५० लिटर. वर्षाचे झाले १८ हजार लिटरच्या वर. पाच माणसांच्या घराला नियमाप्रमाणे टाकी लागते सुमारे ५ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आत सव्वातीन फूट पाणी राहील एवढी. तिच्यात मावते जेमतेम ११०० लिटर. म्हणजे नवी टाकी २२ दिवसांत काठोकाठ भरली पाहिजे. त्यानंतर रोज जेवढे आत जाईल तेवढेच दुसऱ्या तोंडाने बाहेर पडले पाहिजे. चांगली टाकी ही कायम भरलेलीच असते.

मग वीस वर्षे न भरणारी टाकी म्हणजे काय? तिला बूड नाही. गवंड्याने चार बाजूंनी वीट लावली, खाली मुरूम उघडा ठेवला. कधी मुद्दाम ठेवला, मालकानेच सांगितले की खाली उघडे ठेव, उपशाची कटकट नको. भावांनो, ती टाकी नाही, ती उलटी विहीर आहे. विहिरीत चहूबाजूंनी पाणी येते, हिच्यातून चहूबाजूंनी जाते. तिच्यातून निघालेले कुठे जाते हे पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. परसातल्या विहिरीत वाकून पाहा.

आपली जमीन कशी आहे

रानातली माती घाण गाळते, हे खरे आहे. बारीक रेतीत, दाट मातीत पाणी हळूहळू मुरते. कणाकणाला अडकत जाताना रोगजंतू मागे राहतात, काही दिवसांनी मरतात. निसर्गाची ती गाळणी आहे. पण आपल्याकडे ती गाळणी कशी आहे ते पाहा.

वर काळी कपाशीची जमीन. ती पावसाळ्यात फुगते, पाणी पीत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस येतो तेव्हा भेगा मिटायच्या आधी अंगणातले, उकिरड्यावरचे, गोठ्यातले सगळे त्या भेगांतून थेट खाली उतरते. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत गावात पोटाचे आजार का वाढतात याचे एक कारण हे आहे.

काळ्या मातीखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून अधिक भूमी याच काळ्या पाषाणावर वसली आहे. तो पाषाण अखंड नाही, त्याला सांधे आहेत, फटी आहेत. त्याच फटींतून तुमच्या विहिरीला झरे लागतात. विहीर खणताना झरा लागला की आपण गूळ वाटतो. पण झऱ्याच्या फटीत गाळणी नसते, ती उघडी नळी असते. बिनबुडाच्या टाकीतले पाणी अशा फटीला लागले तर ते गाळून येत नाही, जसेच्या तसे येते.

बोअरवाल्यांनी खूष व्हायचे कारण नाही. दोनशे फूट बोअर घेतले म्हणजे दोनशे फुटांवरचेच पाणी येते असे नाही. केसिंग पाइप कमी टाकला, किंवा त्याच्या बाजूची पोकळी सिमेंटने बुजवली नाही, तर वरचे घाण पाणी पाइपच्या अंगाने खाली उतरते. पाइप जमिनीवर दीड-दोन फूट असावा आणि त्याच्या भोवती सिमेंटचा ओटा असावा.

लंडनची विहीर आणि मेळघाटची विहीर

हे अडाणी खेड्यातच घडते असे कुणाला वाटत असेल तर लंडनची गोष्ट सांगतो. १८५४ साली ऑगस्टच्या अखेरीस त्या शहरातल्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. सहाशेच्या वर माणसे मेली. त्या वेळी मोठमोठे वैद्य म्हणत होते की रोग दुर्गंधीच्या हवेतून येतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने घरोघर फिरून कोण कुठे मेले ते लिहून काढले. मेलेली बहुतेक माणसे एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होती. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकला. पंपाखालच्या विहिरीत वरून पाहता काही वाईट दिसत नव्हते. पुढे १८५५ साली खणून पाहिले तेव्हा कळले की शेजारच्या घराच्या मैल्याचा खड्डा विहिरीपासून अवघ्या तीन फुटांवर होता आणि त्याच्या विटा सुटल्या होत्या. त्या घरातल्या आजारी तान्ह्या मुलीचे लंगोट धुतलेले पाणी त्याच खड्ड्यात ओतले जात होते.

जगातल्या सर्वात श्रीमंत शहरात हे झाले. आणि आपल्याकडे? जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत नळाचे पाणी बंद होते, म्हणून लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्यायले. माणसे दगावली, कित्येक जणांना दवाखान्यात न्यावे लागले. मधे १६८ वर्षे गेली. घाण विहिरीत उतरण्याची वाट तीच राहिली.

कुणी म्हणेल, आमच्या आजोबांनी हेच पाणी प्यायले, त्यांना काही झाले नाही. आजोबांच्या वेळी परसात टाकी नव्हती. शिवाय आजोबांच्या पाठची किती भावंडे लहानपणीच गेली, ते घरातल्या म्हातारीला विचारा. याचा अर्थ पुन्हा हागणदारीकडे जा असा नाही. संडास झाले हे चांगलेच झाले. बायांची अंधाराची वाट चुकली. पण २०१४ नंतर १२ हजारांच्या अनुदानात जे संडास घाईघाईने उभे राहिले, त्यांच्या खालचा खड्डा कसा आहे हे पुष्कळ ठिकाणी कुणी पाहिलेच नाही. भिंत आणि दार यांचा फोटो निघतो, खड्ड्याचा निघत नाही.

उकळून न जाणारे विष

जंतूंची गोष्ट झाली. दुसरी गोष्ट नायट्रेटची. मैल्यातला आणि युरियातला नत्र जमिनीत नायट्रेट होतो आणि पाण्याबरोबर विहिरीत उतरतो. त्याला रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असे भारतीय मानक सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटचे प्रमाण फार असलेले देशातले १५ जिल्हे दिले आहेत. त्यांतले सात एकट्या महाराष्ट्रातले आहेत. नावे ऐका: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव. ही कापसाच्या जिल्ह्यांची यादी वाटली ना? तीच आहे.

या नायट्रेटचा सगळ्यात मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. बाटलीचे दूध अशा पाण्यात कालवले तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ आणि नखे निळी पडतात. मायबहिणींनो, हे नीट लक्षात ठेवा: पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. ब्लिचिंग पावडरनेही ते जात नाही. बाळाला आईचेच दूध द्या. वरचे द्यावेच लागले तर तपासलेल्या, नायट्रेट नसलेल्या पाण्यात द्या. आणि रानात युरिया टाकताना पिकाला लागेल तेवढाच, दोन-तीन हप्त्यांत टाका. पिकाने न घेतलेला नत्र तुमच्या पैशाने तुमच्याच विहिरीत जातो.

आज गावोगाव पाण्याचे जार विकत येतात. ज्याच्या परसात विहीर आहे तो पाणी विकत घेतो, आणि तेही कुठल्या बोअरचे आहे हे त्याला ठाऊक नसते. बोला, याला काय म्हणायचे?

विहिरीची निगा

आता करायचे काय? आधी विहीर.

पहिले, विहिरीला अडीच-तीन फुटांचा कठडा हवा. कठड्याभोवती तीन फूट रुंद सिमेंटचा ओटा हवा, त्याचा उतार बाहेर हवा आणि सांडलेले पाणी नालीने ३० फूट तरी दूर गेले पाहिजे. वरचे बांधकाम फटी नसलेले हवे. वरच्या वीस फुटांत दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपताना दिसले, भिंतीवर हिरवे ओघळ दिसले, तर तिथून वरची घाण आत येते असे समजा आणि सांधे सिमेंटने भरून घ्या. भिंतीत उगवलेला पिंपळ लहान असतानाच काढा.

दुसरे, काठावर कपडे, भांडी, ढोरे धुणे बंद. पाणी काढायला एकच बादली, एकच दोर, आणि तो रहाटावरच टांगलेला. घरातली बादली विहिरीत सोडायची नाही. झाकण किंवा बारीक जाळी टाकली तर पाला आणि पाखरे पडत नाहीत.

तिसरे, फवारणीचे औषध विहिरीच्या काठावर कालवायचे नाही, पंप तिथे विसळायचा नाही, रिकामा डबा पाणी काढायला वापरायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसे गेली. ते विष अंगावर उडून गेले. तेच औषध विहिरीत उतरले तर उकळून जात नाही. ठिबकमधून खत सोडणाऱ्यांनी पाइपला उलट पाणी रोखणारा व्हॉल्व बसवावा. नाहीतर वीज गेली की टाकीतले खत विहिरीकडे ओढले जाते.

चौथे, ब्लिचिंग पावडर. ग्रामपंचायत सार्वजनिक विहिरीत टाकते, घरच्या विहिरीत कुणी टाकणार नाही, ती आपणच टाकायची. अंदाजाने ओंजळभर टाकू नका. विहिरीचा व्यास फुटांत मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग २२ ने गुणा. आले तेवढे लिटर पाणी. दहा फूट व्यासाची विहीर, बारा फूट पाणी: दहा गुणिले दहा गुणिले बारा गुणिले बावीस, म्हणजे २६,४०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, म्हणजे ६६ ग्रॅम. पावडर जुनी असेल, पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटे चुना खाली बसू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोराने पाण्याखाली सोडा आणि वरखाली हिसके द्या. खालचा चुना विहिरीत टाकू नका. हे रात्री, पाणी भरून झाल्यावर करा. निदान तासभर पाणी काढू नका. नंतर ओ. टी. टेस्टचे थेंब टाकून पाहा. पाणी पिवळे झाले तर औषध पुरले, नाही झाले तर आणखी लागते. पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा करावे लागते, कारण त्याचा असर फार दिवस राहत नाही.

आणि वर्षातून एकदा उन्हाळ्यात, पाणी तळाला गेले की विहीर उपसून गाळ काढा. पण विहिरीत इंजिन उतरवून चालवू नका. त्याचा धूर खाली कोंडतो आणि माणूस बेशुद्ध पडून मरतो.

टाकीची निगा

आता दुसरा खड्डा. दोन पद्धती योग्य आहेत, तिसरी नाही.

पहिली पद्धत दोन शोषखड्ड्यांची. पाच-सहा माणसांच्या घराला प्रत्येक खड्डा साडेतीन फूट रुंद आणि चार फूट खोल पुरतो. जाळीदार वीटकाम, तळ मोकळा, आणि दोन खड्ड्यांच्या मधे निदान खोलीइतके अंतर. एक भरला की तोंड बुजवून दुसरा सुरू करायचा. बंद खड्डा दोन वर्षे तसाच ठेवायचा. दोन वर्षांनी उघडा, आत काळे, भुसभुशीत, वास नसलेले सोनखत मिळते. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी याच सोनखतासाठी आयुष्य वेचले. काळ्या जमिनीत एक काळजी घ्या: वीटकामाच्या बाहेर चहूबाजूंनी फूटभर जाडीचा रेतीचा किंवा बारीक गिट्टीचा थर भरा. नाहीतर फुगलेली माती विटा दाबते आणि पाणी मुरू देत नाही. न्हाणीचे पाणी या खड्ड्यात सोडू नका. ते केळीला, पपईला द्या.

तुम्ही म्हणाल, इथेही तळ मोकळाच, मग बिनबुडाच्या टाकीत आणि यात फरक काय? फरक खोलीचा. चार फुटांचा खड्डा वरच्या मातीत राहतो, त्याच्या तळाखाली गाळायला थर उरतो. पंधरा फुटांचा खड्डा सरळ मुरमात, फटीत आणि पावसाळ्यात तर पाण्यातच जाऊन बसतो. ‘खोल तेवढा चांगला’ ही समजूत आज इथेच सोडून जा. पोळ्यापासून नवरात्रापर्यंत विहिरीचे पाणी सगळ्यात वर असते. त्या दिवसांत जमिनीपासून पाणी किती फुटांवर आहे ते मोजा. खड्ड्याचा तळ त्या पाण्याच्या वर निदान साडेसहा फूट राहिला पाहिजे. पाणी फारच वर येत असेल तर भर टाकून खड्डा उंचवट्यावर बांधा.

दुसरी पद्धत पक्क्या टाकीची. बूड आणि भिंती आतून प्लास्टर केलेल्या, आत आडवी भिंत, पहिला कप्पा दुसऱ्याच्या दुप्पट. गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधले पाणी बाहेर पडते. ते पाणी स्वच्छ दिसले तरी त्यात जंतू भरलेले असतात. ते उघड्या नालीत सोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या दारात संडासाला बसण्यासारखे आहे. ते शोषखड्ड्यातच गेले पाहिजे. शोषखड्डा विहिरीपासून निदान ६० फूट दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. आपल्या फटींच्या खडकात ६० फुटांनीही हमी मिळत नाही, म्हणून जागा असेल तर आणखी दूर जा.

टाकीत ॲसिड आणि फिनेल ओतू नका, घाण कुजवणारे जंतू त्याने मरतात. पॅड, लंगोट, गुटख्याच्या पुड्या भांड्यात टाकू नका. हवेच्या पाइपला वर जाळी बांधा, डास होणार नाहीत. आणि दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसा. उपसणारी पंपाची गाडी गावात एकट्यासाठी बोलावली तर महाग पडते, दहा घरांनी एकाच दिवशी बोलावली तर परवडते. वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी दर तीन वर्षांनी पाळीपाळीने टाक्या उपसण्याची पद्धत घालून दिली आहे. गाडीवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: हे रिकामे कुठे करणार? नाल्यात म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. तो नाला खालच्या गावाच्या विहिरीला मिळतो.

टाकीत माणूस उतरणार नाही

हे वेगळे सांगतो, कारण यात जीव जातात. टाकीत विषारी वायू कोंडलेला असतो. झाकण काढून एक जण उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. एका टाकीत बाप-लेक, भाऊ-भाऊ गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू कमी आहे एवढेच सांगते, विषारी वायू सांगत नाही.

आणि बहुतेक वेळा उतरवले जाते कुणाला? गावकुसाबाहेरच्या माणसाला, पाचशेची नोट आणि दारूची बाटली देऊन. २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला माणूस लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात आणि टाकीत मेलेल्या सफाई कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. आपल्या घामाला दाम मागणाऱ्या माणसाने दुसऱ्याचा जीव पाचशे रुपयांत विकत घेऊ नये. गाडगेबाबा याच वऱ्हाडातले. गावात आले की खराटा स्वतः हातात घ्यायचे, दुसऱ्याच्या हातात देऊन बाजूला उभे राहायचे नाहीत.

विहीर सातबारा पाहत नाही

शेवटची अडचण मला माहीत आहे. गावठाणात ६० फूट आणायचे कुठून? घराला घर लागलेले आहे. माझी टाकी दूर केली तरी शेजाऱ्याची माझ्या विहिरीच्या पलीकडच्या भिंतीला आहे. खरे आहे. जमिनीखालचे पाणी सातबारा पाहून वाहत नाही. म्हणून हे काम एका घराचे नाही, आळीचे आहे. कुणाच्या टाकीने कुणाची विहीर नासवली यावर भांडत बसलात तर पुढच्या पावसाळ्यातही दोघांची पोरे आजारी पडतील. लंडनच्या त्या डॉक्टराने भांडण केले नाही. त्याने घरोघर फिरून कागदावर लिहून काढले. आपणही तेच करू.

पुढच्या जिल्हा बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने चार कामे करून यावे.

एक. एका रविवारी आळीचा नकाशा काढा. विहीर आणि बोअरला गोल, टाकीला चौकोन. मधले अंतर पावलांनी मोजून लिहा. प्रत्येक टाकीला बूड आहे की नाही, शेवटी कधी उपसली, हे विचारून लिहा.

दोन. प्रत्येक पिण्याच्या विहिरीची काळ्या बाटलीची चाचणी करा. ही सोपी चाचणी आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली जगापुढे ठेवली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावून घरात उबदार जागी ठेवायचे. २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले तर विहिरीत मैला उतरतो आहे. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच बायांना पाणी तपासायला शिकवण्याचे ठरले आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते शोधा. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर करा. नायट्रेट, फ्लोराईड, क्षार यांच्यासाठी वर्षातून एकदा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. काळी बाटली नायट्रेट दाखवत नाही, हे विसरू नका.

तीन. ज्या विहिरीची बाटली काळी पडेल तिचे पाणी पिणे त्या दिवसापासून थांबवा. धुण्याला, ढोरांना वापरा. पिण्यासाठी आळीतली सगळ्यात दूरची, सगळ्यात चांगली विहीर ठरवा आणि तिचीच निगा सगळ्यांनी मिळून राखा. तिच्यावर कुणी पाणी भरायचे, कुणी नाही, हा प्रश्न कुणी काढला तर त्याला या बैठकीला आणा.

चार. विहिरीजवळची निदान एक बिनबुडाची टाकी बंद करा. ती आधी गाडीने उपसून मुरमाने बुजवा आणि दूर, उताराला दोन उथळ खड्डे काढा. सुरुवात या बैठकीला आलेल्या कार्यकर्त्याच्या घरापासून करा. लोक भाषण ऐकत नाहीत, खड्डा पाहायला येतात.

यापुढे कुणी सांगितले की आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही, तर मान डोलावू नका. त्याला विचारा, ‘मग ती रिकामी कुठे होते?’ उत्तर त्याने द्यायच्या आधी त्याच्या घरातल्या बाईला ते समजलेले असेल, कारण पाणी तीच भरते.